पहिला वाचक आपल्यातलाच

‘आपला अनुभव, आपले शब्द’ या विषयावर गेल्या दोन अंकांत वाचकांकडून प्रश्न मागवले होते. अपंगत्वासह जगणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची जी पत्रे आली, त्यांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. लांबलेल्या पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी गच्चीवरून पडून माझ्या मणक्याला इजा झाली आणि कमरेखालची संवेदना गेली. तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. दोन वर्षांपासून वहीत लिहिते. एका दिवाळी अंकाला लेख दिला, तेव्हा संपादकांनी लघवीच्या नळीविषयीचा आणि अंथरुणातल्या जखमांविषयीचा मजकूर गाळला आणि लेखाला ‘जिद्दीची कहाणी’ असा मथळा दिला. ओळखीच्यांनी कौतुक केले, पण तो लेख मला माझा वाटला नाही. घरचे म्हणतात, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणायच्या? मी लिहावे का, आणि लिहिले तर काय लिहावे? (सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, तुम्ही अवश्य लिहा, आणि संपादकांनी जे गाळले त्यापासूनच सुरुवात करा.

लेख तुमचा वाटला नाही याचे कारण मला त्या गाळलेल्या मजकुरातच दिसते. लिहिताना किंवा संपादन करताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक वाचक असतो. त्या संपादकांच्या डोळ्यांसमोरचा वाचक धडधाकट होता. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या त्या वाचकाला लघवीची नळी नकोशी वाटेल आणि जिद्द हवीशी वाटेल, असा त्यांनी विचार केला असावा. पण त्याच दिवशी धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या घरात, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर नुकतीच रुग्णालयातून परतलेली एखादी मुलगी पलंगावर पडून असेल. संवेदना नसलेल्या जागी जखम होऊ लागली आहे हे आरसा धरून कसे ओळखायचे, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला घरात कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, परगावी जायचे असले की आदल्या दिवसापासून पाणी तोडण्याची चूक का करू नये, हे तिला त्या अंकातून कळले असते. तिच्या दृष्टीने तुमच्या लेखातला सर्वांत मोलाचा परिच्छेद तोच होता. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, लिहायला बसताना त्या मुलीला समोर बसवा. धडधाकट वाचकानेही जरूर वाचावे, त्यालाही त्यातून पुष्कळ कळेल, पण तो दुसरा वाचक. पहिला वाचक आपल्यातलाच असावा.

हे मी अनुभवावरून सांगतो. दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला आणि उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, आला. पंचविशीत मी पहिला लेख लिहिला, तो पावसाळ्यातल्या कॅलिपरवर. कोकणच्या पावसात चामड्याचे पट्टे भिजून फुगतात, ते रात्रभरात वाळत नाहीत, सकाळी ओला पट्टा मांडीला घासून कातडी सोलवटते, आणि गुडघ्यावरची कडी गंजली की ती बसताना वर सरकत नाही, मग एसटीत पाय समोर ताठ ठेवून येणाऱ्याजाणाऱ्यांची बोलणी ऐकत बसावे लागते, एवढेच मी लिहिले होते. ओळखीच्यांनी ‘वाचून वाईट वाटले’ असे सांगितले. पंधरा दिवसांनी मात्र विदर्भातून एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे गृहस्थ माझ्यासारखेच कॅलिपर लावणारे होते. सहानुभूतीचा एक शब्दही त्यात नव्हता. पट्ट्याला आतून एरंडेल चोळावे, मांडीच्या पट्ट्याखाली जुन्या सुती धोतराची घडी ठेवावी, कडीला शिवणयंत्राचे तेल घालावे आणि पट्ट्यांचा एक जादा जोड शिवून ठेवावा, एवढे लिहून खाली त्यांनी विचारले होते, ‘जिना उतरताना तुम्ही कोणता पाय आधी टाकता?’ ते कार्ड मी आजही जपून ठेवले आहे. माझ्या पायाविषयी मला कोणीतरी प्रथमच कामाचा प्रश्न विचारला होता, आणि तो विचारणाऱ्याला माझे उत्तर खरोखरच हवे होते.

अशा पत्रांतून केवढे काम उभे राहू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. पॉल हंट या तरुणाला स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार होता आणि तो हॅम्पशायरमधल्या एका निवासी संस्थेत राहत असे. १९६६ मध्ये त्याने बारा अपंग स्त्री-पुरुषांचे निबंध एकत्र करून त्यांचे पुस्तक संपादित केले. पुढे २० सप्टेंबर १९७२ रोजी ‘द गार्डियन’ या दैनिकात त्याचे एक वाचकपत्र छापून आले. निवासी संस्थांमध्ये राहणाऱ्यांची मते त्यांची त्यांनाच मांडता यावीत यासाठी एकत्र येऊ या, असे आवाहन त्यात होते. त्याला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी अनेकांना प्रवास करणे अवघड होते, म्हणून त्यांची चर्चा परिपत्रकांतून चाले. एकाने लिहायचे, ते सर्वांना पाठवायचे, मग त्यावर इतरांनी लिहायचे. ही परिपत्रके सभासदांपुरतीच ठेवलेली असल्यामुळे सर्वांना मोकळेपणाने लिहिता येई. शरीरातली उणीव वेगळी आणि त्या उणिवेवर समाज जी अडवणूक लादतो ती वेगळी, आणि अपंगत्व म्हणायचे ते या अडवणुकीला, हा विचार त्यांच्या संघटनेने १९७६ मध्ये एका पुस्तिकेत मांडला. आज जगभरच्या अपंग हक्कांच्या चळवळीत तो पायाभूत मानला जातो. जिना चढता येत नाही असे लिहिणारी अनेक पत्रे एकमेकांच्या शेजारी ठेवली गेली, तेव्हाच दोष पायाचा की जिन्याचा हा प्रश्न विचारण्याचे बळ त्यांना आले.

आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण तुम्हाला जवळचे वाटेल. ऐन सोळाव्या वर्षी त्यांच्या शरीराचा खालचा भाग लुळा पडला. स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या एका गृहस्थांच्या भेटीने त्यांना उभारी मिळाली, आणि १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मिळवून वाचा. आपल्यासारख्या कोणाला तरी भेटल्यावर काय बदलते, हे त्यातून कळते.

घरच्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. त्यावर मी स्वतः पाळतो तो नेम सांगतो. माझे शरीर, माझे दुखणे आणि माझा राग यांविषयी लिहिण्याची परवानगी मी कोणाकडे मागत नाही, पण घरातल्या कोणी थकून किंवा चिडून काढलेला शब्द छापायचा असेल तर तो मजकूर त्यांना आधी वाचून दाखवतो. अनेकदा तो वाचताना घरात इतकी वर्षे न झालेले बोलणे होते. काही वेळा ते वाक्य गाळावे लागते आणि लेखाचे त्याने काही बिघडत नाही. वहीत मात्र सगळे लिहा, कारण वही तुमची आहे.

पुढचा लेख पाठवताना सोबतच्या पत्रात दोन वाक्ये स्वच्छ लिहा : मथळा मला विचारल्याशिवाय बदलू नये, आणि कोणताही परिच्छेद गाळायचा असल्यास छापण्यापूर्वी कळवावे. हे लिहिणे उद्धटपणाचे नाही. ज्या संपादकांना ते मान्य नसेल, त्यांच्याकडे लेख देऊ नये.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. जन्मभर याच विषयावर लिहिले पाहिजे असे बंधन स्वतःवर घालून घेऊ नका. सोनाली नवांगुळ यांना लहानपणी झालेल्या अपघातामुळे कमरेखाली अपंगत्व आले, आणि २०२० सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला तो तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या मराठी अनुवादासाठी. मुस्लिम स्त्रियांच्या आयुष्याची ती कादंबरी आहे. तुमच्या वहीत उद्या पाककृती, शेजारीण किंवा एखादे प्रेम आले, तर त्यालाही तेवढीच जागा द्या.

प्रश्न : मी जन्मतः अंध असून एम.ए. करत आहे. मोबाइलमध्ये बोलून मी कथा लिहितो आणि एक मित्र शुद्धलेखन तपासून देतो. एका स्पर्धेत माझ्या कथेला बक्षीस मिळाले, तेव्हा एका परीक्षकांनी सर्वांसमोर विचारले, “खरे सांगा, लिहिली कोणी?” मित्राची मदत घेतल्यामुळे लेखन माझे राहत नाही का? शिवाय अंकवाले त्यांच्या फाँटमध्ये मजकूर पाठवतात, तो मला वाचता येत नाही. (लातूर जिल्हा)

उत्तर : लेखन तुमचेच आहे. ज्याने सांगितले तो लेखक, ज्याने उतरवले तो लेखनिक, हा भेद मराठीला फार जुना आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. १८८१ ते १९१५ एवढेच आयुष्य लाभूनही त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले, आणि ते सांगून लिहवून घेतले. ते ग्रंथ लेखनिकांचे आहेत असे कोणी म्हणत नाही.

तुम्हाला विचारला गेलेला प्रश्न मात्र आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि त्याची जखम खोल असते. हेलन केलर अकरा वर्षांची असताना तिने लिहिलेली एक गोष्ट १८९२ मध्ये छापून आली. ती आधीच्या एका लेखिकेच्या गोष्टीशी फार जुळते असे आढळल्यावर, शाळेने नेमलेल्या मंडळींसमोर त्या मुलीची चौकशी झाली, आणि तिच्या शिक्षिकेला त्या वेळी खोलीबाहेर पाठवले होते. लहानपणी कोणीतरी तिच्या हातावर अक्षरे काढून वाचून दाखवलेली ती गोष्ट मनात राहिली आणि ती आपलीच आहे असे तिला वाटले, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर अनेक वर्षे, आपण लिहितो ते वाक्य खरोखर आपलेच आहे ना, ही शंका तिला छळत राहिली. त्या परीक्षकांचा प्रश्न तुम्ही तुमच्या मनात एवढा वेळ राहू देऊ नये, म्हणून हे सांगितले.

मदतीची मर्यादा मात्र तुम्हीच आखून घ्या. टंकलेखन, शुद्धलेखन आणि विरामचिन्हे ही लेखनिकाची कामे आहेत. शब्द बदलणे, वाक्य ‘सुंदर’ करणे किंवा शेवट सुचवणे ही लेखनिकाची कामे नव्हेत. मित्राला सांगा की त्याने थेट बदल न करता खूण करावी, आणि प्रत्येक खूण तुम्हाला वाचून दाखवावी. डोळस मित्र बहुतेक वेळा ‘दिसणे’ या क्रियापदाचे वाक्य घालतात, तेवढ्याकडे विशेष लक्ष ठेवा. तुमच्या कथेतली खोली पंख्याच्या आवाजाने, फरशीच्या गारव्याने आणि कोपऱ्यातल्या रॉकेलच्या वासाने उभी राहत असेल, तर तिच्या भिंती निळ्या असण्याची गरज नाही.

शुद्धलेखनातली अडचण खरी आहे, आणि ती तुमच्या अभ्यासाची उणीव नाही. फोनमधला आवाज ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘कि’ आणि ‘की’ जवळजवळ सारखेच उच्चारतो, त्यामुळे केवळ कानांनी मराठी वाचणाऱ्याच्या वेलांट्या चुकतातच. यावर दोन उपाय आहेत. पहिला, शंका येईल तो शब्द अक्षरागणिक वाचून घेण्याची सोय फोनमध्ये असते, ती वापरण्याची सवय लावा. दुसरा उपाय ब्रेल. ब्रेलचे प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या जागांतून बनते. भारतीय ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकारासाठी दुसरा आणि चौथा ठिपका असतो, दीर्घ ईकारासाठी तिसरा आणि पाचवा, आणि दोन्ही वेलांट्या व्यंजनानंतरच येतात, त्यामुळे जो फरक कानाला कळत नाही तो बोटाला लगेच कळतो. फोन आल्यापासून अनेक तरुणांनी ब्रेल सोडले, हे मला फार खटकते. ऐकणाऱ्याला भाषेचा नाद मिळतो, पण तिचा बांधा हाताखाली यायला ब्रेलच लागते. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक अशा वाचनाला उपयोगी आहे.

फाँटविषयी तुम्ही संपादकांना स्पष्ट लिहा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी वाचक-प्रणाली ती अक्षरे आणि चिन्हेच वाचते. युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीतला, मजकूर पाठवा, एवढेच मागायचे आहे. छापलेल्या पानाचा फोटो किंवा स्कॅन पाठवला तरी अडचण तीच राहते. संगणक वापरत असाल तर एनव्हीडीए ही वाचक-प्रणाली विनामूल्य मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तिची सुरुवात केली आणि जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. महागड्या प्रणाली विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी त्यांच्यासारख्याच दोघांनी ती घडवली.

प्रश्न : स्वतःविषयी लिहिताना अपंग म्हणावे, विकलांग म्हणावे की दिव्यांग? (ठाणे जिल्हा)

उत्तर : अर्ज, प्रमाणपत्र आणि सरकारी पत्रव्यवहारात ‘दिव्यांग’ लिहा, कारण तेथे आता तोच शब्द चालतो. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधल्या आकाशवाणीवरच्या भाषणात तो सुचवल्यानंतर तो रूढ झाला. काहींना त्यात आदर वाटतो, तर काहींना आपल्या शरीरात दिव्य असे काही नाही आणि आपल्याला हक्क हवेत असे वाटते. मी स्वतःला अपंग म्हणतो. तुम्हाला जो शब्द तोंडात बसेल तो घ्या, पण त्यावर न थांबता पुढे नेमके काय आहे ते लिहा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, तर २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार, स्वमग्नता आणि आम्लहल्ल्यातून आलेले अपंगत्व एकाच शब्दात मावत नाही. ‘खुर्चीला खिळलेली’ असे मात्र कोणाविषयीही लिहू नका. खुर्ची मिळाल्यामुळेच तर ती बाई घराबाहेर पडू शकते.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणे) असून तो बोलत नाही, पण त्याला सर्व समजते. मी त्याच्याविषयी लेख लिहिते आणि ते पुष्कळांना आवडतात. गेल्या महिन्यात एक लेख त्याला वाचून दाखवू लागले, तर त्याने मान फिरवली आणि माझ्या हातातला कागद ढकलला. मी लिहिणे थांबवावे का? (नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, तुम्ही त्याला वाचून दाखवलेत आणि त्याने काय केले ते आम्हाला लपवून न ठेवता कळवलेत, यासाठी तुमच्याविषयी मला फार आदर वाटतो. त्याने कागद ढकलला, ते त्याचे उत्तर होते. तो लेख छापू नका.

लिहिणे मात्र थांबवू नका. आई म्हणून तुमचा जो अनुभव आहे, म्हणजे रात्रीची जागरणे, शाळांचे नकार, आपल्यानंतर याचे कसे होईल ही काळजी, तो सर्वस्वी तुमचा आहे, आणि तो वाचण्याची गरज असलेल्या आया गावोगावी आहेत. त्याच्या शरीराच्या गोष्टी, त्याच्या शी-शूच्या अडचणी आणि त्याचे रडणे या मात्र त्याच्या गोष्टी आहेत. तेरा वर्षांच्या कोणत्याही मुलाला त्या पाहुण्यांसमोर सांगितलेल्या आवडत नाहीत. तो उद्या तुमच्या लेखांचा वाचक होणार आहे, हे धरून प्रत्येक ओळ लिहा. त्याच्याशी संवादासाठी चित्रफलक किंवा नजरेने हो-नाही सांगण्याची खूण असेलच. त्यात ‘हे लिहू का?’ असा एक प्रश्न कायमचा घाला, आणि तो ‘नाही’ म्हणाला की थांबा.

मुंबईच्या मिठू आलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यामागे त्यांच्या मुलीचे, मालिनी चिब यांचे, सेरेब्रल पाल्सीसह असलेले आयुष्य होते. आईने आपले काम केले, आणि मुलीने मोठेपणी एका बोटाने कळा दाबत आपले आत्मकथन स्वतः लिहिले. आईचे काम कितीही मोठे असले तरी मुलीला सांगायचे होते ते तिचेच होते. तुमच्या मुलाला आत्तापासून लिहिण्याचे साधन मिळेल असे पाहा. हाताचे एक बोट, पायाचा अंगठा, डोळ्यांची हालचाल, जे चालते त्यावर बसेल असे. त्याची पहिली ओळ येईल तेव्हा तिच्यात तुमच्याविषयी तक्रार असली, तरी ती जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही अकरा जण आहोत. चौघे अंध, तिघे कर्णबधिर आणि बाकीचे अस्थिव्यंग असलेले. महिन्यातून एकदा भेटावे आणि तीन महिन्यांतून एक हस्तलिखित काढावे असे ठरले आहे. व्हॉट्सॲपचा गट केला, पण महिनाभरातच भांडणे सुरू झाली. सुरुवात कशी करावी? (बीड जिल्हा)

उत्तर : भांडणे कशावरून झाली हे तुम्ही लिहिले नाही, पण अंदाज करतो, कारण आमच्या गटातही तेच झाले होते. अंध सभासद बोलून संदेश पाठवतात, ते कर्णबधिरांना ऐकू येत नाहीत. कर्णबधिर सभासद फोटो आणि खुणांच्या भाषेतले व्हिडिओ पाठवतात, ते अंधांना दिसत नाहीत. मग प्रत्येकाला वाटते की आपल्याला मुद्दाम वगळले. यात कोणाचाही दोष नाही. एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण होते, एवढेच त्यामागचे कारण असते. आम्ही असे ठरवले की बोललेल्या प्रत्येक संदेशाखाली दोन ओळी लिहायच्या, आणि प्रत्येक फोटो किंवा व्हिडिओखाली त्यात काय आहे ते लिहायचे. लिखित ओळ ही सर्वांना चालणारी एकमेव जागा आहे. पहिले काही आठवडे लोक विसरतील, त्यांना न रागावता आठवण करून द्यावी लागेल. हे काम एका माणसाकडे सोपवा.

हस्तलिखितासाठीही हाच विचार करावा लागेल. हाताने लिहिलेला सुंदर अंक तुमच्यातल्या चौघांना वाचता येणार नाही, म्हणून त्याची युनिकोडमधली प्रत आणि शक्य असल्यास ब्रेल प्रत त्याच दिवशी तयार असली पाहिजे, नंतर सवडीने नव्हे. कर्णबधिर सभासदांचे लेखन हाती येईल तेव्हा घाईने ‘शुद्ध’ करू नका. जे खुणांच्या भाषेत वाढले, त्यांना मराठी ही दुसरी भाषा असते. खुणांच्या भाषेचे व्याकरण तिचे स्वतःचे आहे आणि मराठीचे विभक्तिप्रत्यय त्यात तसे नसतात. लेखकाशेजारी बसा, त्याला काय म्हणायचे आहे ते खुणांनी समजून घ्या, आणि दुरुस्त केलेले वाक्य त्याला पसंत आहे का ते विचारा. काही वाक्ये जशीच्या तशी ठेवण्याचा त्याचा आग्रह असेल तर ती तशीच छापा.

मोठ्या संस्थांनाच असे काही जमते, असे मानू नका. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल या शहरात, १९८० मध्ये मेरी जॉन्सन आणि कॅस अर्विन या दोघींनी अपंगांसाठी एक छोटे नियतकालिक सुरू केले. बसमध्ये चढता न येणे, दानपेटीवर छापलेली मुलांची छायाचित्रे, नोकरीतले नकार, असे विषय त्यात येत. पुढे ते देशभरच्या चळवळीतले लोक वाचू लागले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती आहेत. त्यांतल्या तुमच्या तालुक्यातल्या शंभरांपर्यंत जरी अंक पोहोचला, तरी त्याचे काम झाले.

बैठकीची जागा ठरवण्यापूर्वी तेथील स्वच्छतागृह पाहा. बैठक दोन तासांची असली तरी चाकाच्या खुर्चीतली स्त्री तेथे स्वच्छतागृह नाही या भीतीने सकाळपासून पाणी पीत नाही, आणि दुसऱ्या वेळी येतच नाही. दार किमान ९० सेंटीमीटर रुंद असावे, आत खुर्ची वळावी, उंबरठा नसावा. मोजपट्टी घेऊन तुमच्यातल्या दोघांनी एक दिवस फिरावे : तहसील कार्यालय, पोस्ट, बँक, एसटी स्थानक, ग्रामीण रुग्णालय, वाचनालय. किती पायऱ्या, किती रुंदीचे दार, उतरंड आहे की नाही, आणि असल्यास तिच्यावर मोटारसायकली लावलेल्या असतात का, हे वहीत उतरवून घ्या. एक अंध सभासद बरोबर असू द्या, म्हणजे उघडी गटारे आणि रस्त्यावर आलेल्या दुकानांच्या पाट्या यांचीही नोंद होईल. पहिल्या अंकाची पहिली चार पाने त्या नोंदींनी भरतील.